इटलीच्या बाई आणि काकूची नक्कल

इटलीच्या बाईंनी भेटल्या भेटल्या माझी नक्कल केली आणि मला भयंकर राग आला. घाटावरच्या एका हॉटेलच्या गच्चीत आम्ही बसलो होतो. आमच्या मराठी घरांत शूटिंग करायचं तर माझ्या अटी मान्य कराव्या लागतील, असं मी त्यांना बजावत होते. बोलता बोलता सवयीने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला आणि ‘बरं’ म्हणाले. बाईंनी टेबलावरचा कागदी रुमाल उचलला, नसलेला चष्मा काढून पुसला, डोळ्यांवर चढवला आणि माझ्याच आवाजात म्हणाल्या, ‘बरं.’ चक्क मराठीत. चहा घेऊन आलेला माणूस खदखदून हसला. शाळेत मुली माझ्या पाठीमागे ही नक्कल वर्षानुवर्षं करत आल्या असणार, पण तोंडावर करायची कुणाची हिंमत झाली नव्हती.

खरं तर बनारसवर सिनेमा काढायला येणाऱ्या सगळ्यांचाच मला राग आहे. मणिकर्णिकेवर कुणाचा तरी बाप जळत असतो आणि ही मंडळी उजेड छान पडलाय म्हणून खूश असतात. पण या बाईंनी चितेचं नावही काढलं नाही. त्यांना हवी होती मंगळागौर. मराठी बायका श्रावणात एका घरात जमतात, पुरुषांना बाहेर काढतात आणि पोट दुखेपर्यंत हसतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. बनारसात इटालियन येणारी मराठी बाई शोधायची तर माझ्याशिवाय कुणी सापडणं कठीण होतं. यात मोठेपणा काही नाही. विद्यापीठाच्या संध्याकाळच्या वर्गात फ्रेंचच्या जागा भरल्या होत्या, म्हणून मी इटालियनला बसले होते.

बाईंचं आयुष्य मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, गल्ल्यांतून चालताना, गाईला वाट देताना. समुद्रकाठच्या एका लहान गावात त्यांच्या आईचं कपडे धुण्या-इस्त्रीचं दुकान होतं. गिऱ्हाइकं गेली की ही पोर त्यांच्या नकला करून आईला हसवायची. पुढे उन्हाळ्यात हॉटेलांतून बँडबरोबर गाऊ लागली. गाणी रडकी, आणि हिचा चेहरा असा की लोक हसायचे. ती चिडायची तसे आणखी हसायचे. मग तिने चिडणंच गाण्यात घातलं आणि तिचं नाव झालं. नाटक कंपनी, टीव्हीवरचा शनिवारचा कार्यक्रम, रेकॉर्डी, सिनेमे. सिनेमात कायम नायिकेची मैत्रीण, शेजारीण, मोलकरीण. वय वाढल्यावर फक्त सासवा मिळायला लागल्या, तेव्हा वैतागून तिने स्वतःच सिनेमा लिहिला, स्वतःच काढला आणि तो चालला. दुसरा मात्र असा आपटला की लोक म्हणाले, बाई, तुम्ही आपल्या टीव्हीवर परत जा.

हा तिसरा होता. घराघरांतून तिकिटाशिवाय हसवणाऱ्या बायकांचा. पैसे घालणाऱ्याने सांगून ठेवलं होतं की कुणी पाहिलं नसेल असं काहीतरी आणा, नाहीतर हा शेवटचा. हे सांगताना बाई हसत नव्हत्या, आणि त्या हसत नसल्या की त्यांचा चेहरा ओळखू येत नसे.

आता काकूबद्दल सांगायला हवं. माझ्या धाकट्या काकांची ही बायको, दुर्गाघाटावर माझ्याच घरात खालच्या मजल्यावर राहते. काका जाऊन पुष्कळ वर्षं झाली, मूलबाळ नाही. आमच्या गल्लीतल्या गुरुजींकडे महाराष्ट्रातून यजमान येतात, कुणी अस्थी घेऊन, कुणी श्राद्धाला. त्यांचा स्वयंपाक काकू करते. गुरुजींनी निरोप धाडायचा आणि काकूने चूल पेटवायची, हाच तिचा संसार. माझ्या पेन्शनीत दोघींचं सहज भागेल, असं मी तिला एकदा म्हणाले होते. त्यावर ती म्हणाली, ‘तुझ्या पेन्शनीचा भात मला गळ्याखाली उतरणार नाही,’ आणि चूल फुंकायला बसली.

ही काकू नकला करते. गल्लीतल्या एकूण एक पुरुषाची तिची नक्कल तयार आहे, पण ती फक्त मंगळागौरीला आणि फक्त बायकांत. त्यातली सगळ्यात गाजलेली गुरुजींची. गुरुजींना सवय आहे, संकल्प सोडताना देश-काळ उच्चारता उच्चारता त्याच सुरात, त्याच गंभीर चेहऱ्याने ते आतल्या खोलीकडे बघून म्हणतात, ‘अहो, चहा टाका, आलं जास्त,’ आणि श्वासही न घेता यजमानाच्या गोत्रावर येतात. यजमान बिचारा हात जोडून तेही ऐकून घेतो. काकू हे इतकं हुबेहूब करते की डोळे मिटले तर दर्भाचा वास यावा.

गुरुजींना यातलं काहीही माहीत नाही, अशी आम्हा सगळ्या बायकांची खात्री होती. आणि माहीत होता कामा नये, हे सांगायची गरज नव्हती. मध्यंतरी त्यांच्या हाताखालच्या एका भटजींनी शिंदे घाटावर चार माणसांत त्यांच्या संकल्पाची थट्टा केली. गुरुजी एक शब्द बोलले नाहीत. फक्त त्यानंतर ते भटजी कोणत्याच यजमानापुढे बसलेले दिसले नाहीत, आणि काही दिवसांनी प्रयागला निघून गेले. गुरुजी असे आहेत. ते रागावत नाहीत, निरोप धाडायचे थांबतात.

गल्लीतला सावन अर्धा सरला की आमचा मराठी श्रावण लागतो. त्या वर्षी गुरुजींच्या नव्या सुनेची मंगळागौर होती. गुरुजींच्या बायकोला सगळी गल्ली वहिनी म्हणायची. मोठ्या हौसेची बाई. बाईंनी कॅमेरा आणला तर चालेल, असं त्यांनीच सांगितलं, फक्त कॅमेरा धरणारा पुरुष नको. म्हणून बाई एकट्या आल्या. जागरण आमच्याकडे हल्ली दुपारीच उरकतात, सगळ्यांचे गुडघे गेलेत. गुरुजी आणि मुलगा जेवून बाहेर पडले होते आणि संध्याकाळपर्यंत येणार नव्हते.

पूजेच्या खोलीत काकू जात नाही. आता तिला कुणी अडवत नाही, वहिनी तर हाताला धरून बोलवायच्या, पण ती आपली स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून राहते. खेळ सुरू झाले की मात्र तिला कुणी बसू देत नाही. झिम्मा झाला, फुगड्या झाल्या, सूप नाचवून झालं. बाईंनी कॅमेरा कोपऱ्यात तिकाटण्यावर उभा केला आणि स्वतः फुगडी घालायला आल्या. त्या मुद्दाम अशा पडल्या की बायका भिंतीला टेकून हसायला लागल्या. मग कुणीतरी ओरडलं, ‘काकू, गुरुजी!’ आणि सगळ्यांनी टाळ्यांचा ठेका धरला.

वहिनींनी आत जाऊन गुरुजींचं उपरणं आणून काकूच्या खांद्यावर टाकलं. दर वर्षी त्याच आणून द्यायच्या.

काकू पाटावर बसली आणि काकू उरली नाही. मान किंचित डावीकडे, डोळे अर्धे मिटलेले, आवाज बेंबीच्या देठापासून. देश-काळ चालू झाला. चहा आला, आलं आलं. मग मोबाईल वाजला, तो तिने त्याच सुरात उचलला, पलीकडच्याला दक्षिणा कुठे पाठवायची ते त्याच सुरात सांगितलं, आणि तिसऱ्या पिढीतल्या पितरांना मोबाईल नंबर अर्पण करून टाकला. बायका लोळत होत्या. आणि वहिनी हसत होत्या. त्यांचं हसणं गल्लीत प्रसिद्ध. आधी आवाजच नसायचा, नुसते खांदे हलायचे. मग श्वास आत ओढल्याचा एक लांब बारीक आवाज, किटली उकळायच्या आधी करते तसा. मग दोन्ही हात जमिनीवर आपटून, ‘मेले गं बाई, पुरे!’ पुढचे दात जरा बाहेर होते म्हणून फोटो काढताना त्या ओठ घट्ट मिटून घ्यायच्या, पण या हसण्यापुढे त्यांचं काही चालत नसे.

त्याच वेळी दाराची कडी वाजली.

‘अहो,’ बाहेरून गुरुजी म्हणाले. अगदी त्याच सुरात.

लोळणाऱ्या बायका उठून बसल्या. काकूच्या खांद्यावर त्यांचं उपरणं तसंच होतं. वहिनी डोळे पुसत दाराशी गेल्या आणि न उघडता म्हणाल्या, ‘एवढ्यात कसे आलात?’ घाटाच्या पायऱ्या चढत्या पाण्यात गेल्या, यजमान बसायला जागा नाही, असं काहीतरी गुरुजी बाहेरून सांगत होते. ‘अजून खेळ संपले नाहीत, समोरच्या ओट्यावर बसा,’ वहिनी म्हणाल्या. चपलांचा आवाज लांब गेला. किती वेळ दाराबाहेर होते, काय ऐकलं, काही कळायला मार्ग नव्हता. आणि त्या शांततेत काकूने कोपऱ्याकडे पाहिलं. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होते तेव्हा ती जिन्यात उभी होती, लुगडं बदललेलं, केस विंचरलेले, रात्रभर न झोपलेली. ‘त्या इटलीवालीकडे चल,’ ती म्हणाली. ‘ते मिटवून टाकायला सांग. माझ्या सामने.’

‘काकू, ते इटलीत दाखवणार आहेत. दुर्गाघाटावर नाही.’

‘आजकाल इटलीचं दुर्गाघाटावर यायला वेळ लागतो काय? सगळ्यांच्या हातात मोबाईल आहे. गुरुजींच्या सुनेच्या हातात आहे. लेकिन तुला काय, तुझी पेन्शन येते.’

मी चूळ भरली आणि चपला घातल्या.

बाई हॉटेलच्या खोलीत कानाला यंत्र लावून तेच बघत बसल्या होत्या. आम्हाला पाहून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी काकूला ओढून खुर्चीवर बसवलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. काकूने स्वतःला पाहिलं. जन्मात पहिल्यांदाच पाहिलं. मी तिच्याकडे बघत होते. आधी ती घाबरली, मग पुढे वाकली, चहाचं वाक्य आलं तेव्हा तिच्या ओठांचा कोपरा हलला. पडद्यावर तिच्या मागे वहिनी जमिनीवर हात आपटत होत्या. संपलं तेव्हा काकू सरळ बसली.

‘अच्छी झाली आहे,’ ती म्हणाली. ‘आता मिटवा.’

मी ते इटालियनमध्ये सांगितलं. बाई नाही म्हणाल्या. आधी गोडीत. म्हणाल्या, चेहरा धूसर करते, आवाज बदलते. चेहरा आणि आवाज काढल्यावर काय राहील, हे त्यांना स्वतःलाच ऐकू आलं असावं, कारण त्या मध्येच थांबल्या. मग म्हणाल्या, ‘तिला सांग, मी जन्मभर हेच काम केलं. मला हे असं येत नाही. माझ्या सिनेमात सगळं आहे, पण हे नसेल तर सिनेमा नाही.’ मी शब्दन्शब्द सांगितला. काकू लाजली, मला दिसलं. पण तिने फक्त मान हलवली. बाई उठल्या आणि खोलीत फेऱ्या मारू लागल्या. त्यांचा आवाज चढला. तुम्ही कॅमेरा पाहिला होता, परवानगी दिली होती, आता कुणा एका भटजीच्या भीतीने! मीही चढलेच. म्हटलं, तुमच्या विमानाचं तिकीट परतीचं आहे, हिला याच गल्लीत मरायचं आहे. दोघी तावातावाने बोलत होतो आणि काकू मध्ये खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसली होती, डॉक्टरकडे बसावं तशी.

मग बाई खिडकीशी गेल्या आणि आमच्याकडे पाठ करून बोलू लागल्या. मी काकूला हळू आवाजात सांगत गेले.

त्यांच्या आईला एक सवय होती. गिऱ्हाईक कपडे घेऊन आलं की ती शर्टाची कॉलर नाकाशी नेऊन हुंगायची, एक भुवई वर करायची आणि मगच कपडा टोपलीत टाकायची. कोण कुठे जाऊन आला, कोण कुणाबरोबर होता, सगळं तिला वासावरून कळायचं, निदान ती तसं दाखवायची. टीव्हीवर पहिली मोठी संधी मिळाली तेव्हा बाईंच्या हाताशी हेच होतं. आईने एकच सांगितलं होतं, बाकी काहीही कर, मला टीव्हीवर नेऊ नकोस. बाईंनी नेलं. कॉलर हुंगणारी ती धोबीण सगळ्या देशाला इतकी आवडली की पुढची सगळी कारकीर्द तिच्यावर उभी राहिली. रस्त्यात पोरं आईला बघून नाक ओढायला लागली.

‘आई रागावली?’ काकूने विचारलं.

‘नाही,’ बाई म्हणाल्या. ‘काहीच बोलली नाही. त्यानंतर तिने एकही शर्ट हुंगला नाही. कपडा घ्यायची आणि टोपलीत टाकायची. मरेपर्यंत. मी तिला घर बांधून दिलं, मोठं, समुद्राकडे खिडक्या असलेलं. आणि तरी पुन्हा संधी आली तर मी पुन्हा तेच करीन, हेही हिला सांग. खोटं बोलायचं नाही मला.’

मी सांगितलं. काकूने पदर सारखा केला. मग म्हणाली, ‘हिला सांग, ते काहीच न बोलणं असतं ना, मला त्याचंच भय आहे.’

हे इटालियनमध्ये सांगायला मला दोनदा प्रयत्न करावा लागला. बाईंनी ऐकलं. टेबलाशी आल्या, कॅमेऱ्यातलं कार्ड काढून संगणकाला लावलं, दुसरी प्रत ठेवलेला काळा डबा लावला, दोन्हीकडचा तो तुकडा पडद्यावर दाखवला आणि काकूचं बोट धरून बटणावर ठेवलं. म्हणाल्या, ‘मी नाही दाबणार.’ काकूने दाबलं. एकदा, मग पुन्हा एकदा.

घरी येताना काकूने वाटेत थांबून भाजी घेतली. मी मात्र अस्वस्थ होते. पुढे एकदा मोबाईलच्या दुकानात सहज विचारलं, तर दुकानदार म्हणाला, मिटाया हुआ सब वापस निकल आता है, दीदी. ज्या बाईने सख्ख्या आईचा शब्द मोडला आणि वर तो पुन्हा मोडीन असं छातीठोकपणे सांगितलं, तिच्यावर भरवसा कसा ठेवायचा? काकूला मी यातलं काही बोलले नाही. ती रोज निरोपाची वाट बघायची आणि निरोप आला की माझ्याकडे विजयी मुद्रेने बघायची.

थंडीत वहिनी गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता चार दिवसांत. सगळ्या काशीची कार्यं करणारे गुरुजी आपल्या बायकोच्या कार्याला गुडघे दुमडून यजमानाच्या जागी बसले आणि दुसऱ्याच गुरुजींनी मंत्र सांगितले. दिवसांचा सगळा स्वयंपाक काकूने केला. भिंतीवर वहिनींचा हार घातलेला फोटो लागला, ओठ घट्ट मिटलेला. पुढे यजमान पुन्हा येऊ लागले, पण संकल्पातला चहा बंद झाला. काकूने ते मला सांगितलं, भात उपसता उपसता. ‘आता सरळ गोत्रावर येतात,’ ती म्हणाली. चहा ती न सांगता पाठवू लागली. तो बहुतेक तसाच परत येई.

पुढल्या श्रावणाच्या तोंडावर बाईंचा मोबाईलवर निरोप आला. सिनेमा तयार आहे, आधी तुमच्या लोकांना दाखवणार, आपल्या मराठी मंडळींचा हॉल आहे ना, तिथे, सगळ्यांना बोलावणार, गुरुजींना तर हवंच, त्यांच्या घरात काढलाय.  मी फोन करून सरळ विचारलं, ‘ते त्यात नाही ना?’

 बाई म्हणाल्या, ‘तू येऊन बघ,’ आणि फोन ठेवला. मी इतकी संतापले की चष्मा पुसताना त्याची काडी तुटली.

हॉलमध्ये पुढच्या रांगेत मधोमध गुरुजी, शेजारी मुलगा आणि सून. काकू आणि मी त्यांच्या मागच्याच रांगेत. मला लांब बसायचं होतं, पण काकू म्हणाली, जे व्हायचं ते डोळ्यांपुढे होऊ दे. दिवे गेले. कुठल्या कुठल्या देशांतल्या बायका पडद्यावर आल्या, हसल्या, हसवून गेल्या. मला त्यातलं काही आठवत नाही, मी गुरुजींच्या मानेकडे बघत होते. मग आमची गल्ली आली. लोक कुजबुजले. पूजा, पत्री, झिम्मा, सुनेचं लाजणं. वहिनी दिसल्या, पाठमोऱ्या, ताट घेऊन जाताना. बाई फुगडीत पडल्या, हॉल हसला. आणि मग टाळ्यांचा ठेका सुरू झाला. ‘काकू! काकू!’ काकूने माझं मनगट धरलं. पडद्यावर उंबऱ्यावरून ती उठत होती, पदर खोचत होती, पाटाकडे येत होती. माझ्या मनगटात तिची नखं रुतली. गुरुजींची मान किंचित डावीकडे झुकली.

पडदा पांढरा झाला. पांढऱ्या भिंतीपुढे बाई एकट्या बसल्या होत्या, रंगरंगोटी नाही, वय लपवलेलं नाही. त्यांनी हात पुढे करून कुणाकडून तरी शर्ट घेतला, कॉलर नाकाशी नेली, हुंगली आणि एक भुवई वर गेली. भाषा कुणाला कळत नव्हती तरी हॉल हसला. मग त्यांनी दुसरा शर्ट घेतला आणि तो न हुंगता टोपलीत टाकला. तिसराही. चौथाही. हसणं विरत गेलं आणि सिनेमा तिथेच संपला. बाईंनी शब्द पाळला होता. काकूने माझं मनगट सोडलं आणि ‘चला,’ म्हणाली. मला रडू येत होतं आणि बाईंची माफी मागायला हवी हे कळत होतं.

तेवढ्यात गुरुजी उभे राहिले. बाईंकडे वळून त्यांनी मला खूण केली, भाषांतरासाठी.

‘यांना विचारा,’ ते म्हणाले, ‘पुढचं कुठे आहे?’

‘पुढचं काय, गुरुजी?’

‘काकू पाटावर बसल्या, त्याच्या पुढचं. माझी नक्कल.’

 काकूचा चेहरा पांढराफटक झाला. गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं. ‘असं बघू नका हो. दर वर्षी तुमचे खेळ संपले की ती घरी मला करून दाखवायची. दार लावून. तुमच्याइतकं जमत नव्हतं तिला, चहापर्यंत आली की हसू फुटायचं, पुढचं मला कधी कळलंच नाही. मी म्हणायचो, आता पुरे, आणि पुढल्या वर्षी परत विचारायचो.’ ते थांबले. उपरण्याचं टोक हातात घेतलं. ‘या बाई काढत होत्या तेव्हा ती समोर बसलेली असणार. हसत असणार. घरात तिचा एक फोटो आहे, त्यात तोंड मिटलेलं आहे. मला नक्कल नको. तेवढंच बघायचं होतं.’

मी बाईंना सांगितलं. मला वाटलं, आता त्या हसून कुठून तरी डबा काढतील. दुकानदार म्हणाला होता ना, निघतं परत. आयुष्यात प्रथमच मला कुणी शब्द मोडलेला हवा होता. बाईंनी मान हलवली. त्या कार्डावर, डब्यावर नंतर पुष्कळ नवं शूटिंग भरलं गेलं, त्या म्हणाल्या, काही उरलेलं नाही. त्यांनी काकूकडे पाहिलं नाही.

‘मिटवलं, गुरुजी,’ काकूच म्हणाली. ‘मीच मिटवलं. माझ्या हाताने.’

‘बरं,’ गुरुजी म्हणाले. त्यांनी उपरणं खांद्यावर नीट केलं आणि दाराकडे चालू लागले. मुलगा मागोमाग निघाला, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं. लोकांनी वाट करून दिली. बाईंच्या मांडीवर कॅमेरा होता. त्यांनी त्याच्या भिंगावर टोपण बसवलं.

काकू खुर्चीवर बसली होती. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं ती रडतेय आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवणार होते. तिने माझा हात झिडकारला. खांदे हलत राहिले, आवाज नव्हता. मग श्वास आत ओढल्याचा एक लांब बारीक आवाज आला, पण काकू हसताना असा आवाज कधीच करत नाही. मग तिचे दोन्ही हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर आपटले.

‘मेले गं बाई, पुरे!’

गुरुजींची सून तोंडावर हात दाबून उभी राहिली. गुरुजी दारात थांबले होते, आमच्याकडे पाठ करून. ते वळले नाहीत. चौकटीला एक हात टेकला. काकू श्वास घेऊन पुन्हा हसली, तोंड मुळीच न मिटता. आणि मग पाठ तशीच ठेवून, संकल्पाच्या त्या सुरात, पण कापऱ्या आवाजात, गुरुजी म्हणाले, ‘अहो, चहा टाका. आलं जास्त.’

बाईंनी माझा दंड धरला. ‘काय म्हणाले? काय म्हणाले ते?’

‘चहा मागतायत,’ मी म्हणाले.